नवापूरच्या थेट दक्षिणेला

फिजिक्सच्या एम.एस्सी.ला आमच्या भागात प्रोजेक्ट म्हणजे थिन फिल्म, हे जवळपास ठरलेलं. काचपट्टीवर एखादा ऑक्साइड चढवायचा, एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांच्या चाचणीसाठी, नमुना बाहेर पाठवायचा, आलेखातली शिखरं मोजायची. काम चांगलंच आहे, मुलाखतीतही त्यावर विचारतात. पण आमच्या बॅचला मुलं जास्त, भट्टी एक, आणि तीही अर्धा वेळ बंद. गाईड मॅडमनी बोलावून सांगितलं, "तुला कोडिंग जमतं ना? मग भट्टीच्या नादी लागू नकोस. समुद्राचा डेटा फुकट मिळतो. एखादं बेट निवड आणि त्याच्याभोवती पाणी कसं मिसळतं ते बघ."

बेट निवडायला मी नकाशा उघडला आणि नवापूरपासून, म्हणजे आमच्या घरापासून, सरळ खाली पट्टी लावली. नवापूर पूर्व रेखांश ७३.८ च्या आसपास. त्याच रेषेवर, जरा इकडेतिकडे, नाशिक, पुणे आणि गोव्यातलं वास्को. आपलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या वास्कोलाच आहे. पुढे मालदीवचं माले. मालदीव संपलं की रेषेवर नुसतं पाणी, आणि मग ५३ अंश दक्षिणेला हर्ड बेट. नवापूरपासून आठ हजार किलोमीटरच्या थोडं वर. मॅडमना दाखवलं तर त्या हसल्या. "निवडण्याचं कारण काही शास्त्रीय नाही, पण बेट शास्त्रीयच निघालंय," म्हणाल्या. कारण अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या प्रवाहाच्या वाटेतला एक फार मोठा अडथळा म्हणजे समुद्राखालचं कर्गलेन पठार, आणि त्याच्यावरच हे बेट उभं आहे.

हर्ड ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे, १९४७ पासून. वस्ती नाही. बराचसा भाग बर्फाखाली. मधला ज्वालामुखी जिवंत आहे. त्याचं मॉसन शिखर २,७४५ मीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच. २०१६ च्या सुरुवातीला 'इन्व्हेस्टिगेटर' हे संशोधन जहाज तिथे काम करत असताना वरून लाव्हा ओघळताना दिसला होता. वायव्येला साडेचारशेक किलोमीटरवर फ्रान्सचं कर्गलेन, तिथे मात्र १९५० पासून तळ आहे आणि माणसं राहतात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने टॅरिफची यादी काढली, तिच्यात हर्ड आणि शेजारच्या मॅकडोनाल्ड बेटांवरही दहा टक्के लागले, आणि पप्पांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेंग्विनांचे मीम फिरायला लागले. तोवर घरात माझा विषय कोणालाच सांगता येत नव्हता. त्यानंतर पप्पा दाल मिलमध्ये सांगायला लागले, "पोरगी त्या पेंग्विनवाल्या बेटावर काम करते." बेटावर नाही हो, बेटाच्या डेटावर. पण जाऊ द्या.

आजी साक्रीकडची, अहिराणीच बोलते. तिने एकदा लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, "त्या बेटवर कोन ऱ्हास?"

"कोनीच नही ऱ्हास."

"मंग मोजस कसाले?"

नेमकं हेच पुढे तोंडी परीक्षेतही विचारतात, फक्त शुद्ध मराठीत.

पहिलं काम डेटा उतरवून घेणं. समुद्रात जगभर आर्गो नावाचे चारएक हजार तराफे सोडलेले आहेत. तराफा म्हणजे माणसाच्या उंचीची नळी. ती हजार मीटर खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते, आणि वर येता येता तापमान, क्षारता आणि दाब मोजून उपग्रहाला कळवते. भारतातर्फे हे काम हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती संस्था बघते. सगळ्यांचा डेटा फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या सर्व्हरवर कोणालाही मिळतो, पासवर्ड लागत नाही. आमच्याकडे दुपारी लाइट जायची, आणि असली तरी मे महिन्यात लॅपटॉप तापून बंद पडायचा, म्हणून फाइली रात्री लावून झोपायचे.

फाइल उघडल्यावर पहिले काही दिवस नुसती सवय करण्यात जातात. तारीख असते ती १ जानेवारी १९५० पासून मोजलेल्या दिवसांत. जिथे मोजमापच नाही तिथे ९९९९९ असतं; ते गाळलं नाही तर आलेखाचा अक्ष आभाळाला जातो. प्रत्येक आकड्यापुढे एक गुणवत्तेचा शेरा असतो: १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट, आणि मधल्यांबद्दल ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय एकाच मोजमापाच्या दोन आवृत्त्या, एक लगेच पाठवलेली आणि एक तज्ज्ञांनी महिनोन्‌महिन्यांनी तपासून दुरुस्त केलेली. क्षारतेचा सेन्सर वर्षानुवर्षं पाण्यात राहून हळूहळू सरकतो, त्यामुळे दुरुस्त आवृत्तीच घ्यायची, हा मॅडमचा पहिला नियम. या सगळ्याला कोणी संशोधन म्हणत नाही, पण माझा निम्म्याहून जास्त वेळ यातच गेला.

मग पहिला आलेख निघाला आणि तो मला उलटा वाटला. आपल्या डोक्यात असतं की समुद्रात खाली जाल तसं पाणी थंड होत जातं. हर्डच्या आसपासच्या उन्हाळी नोंदीत वर तीनेक अंश, दीडशे-दोनशे मीटरवर दीडच्या जवळ, आणि आणखी खाली गेलं की पुन्हा दोनच्या वर. मधला थंड थर म्हणजे मागच्या हिवाळ्यातलं पाणी. हिवाळ्यात वादळांनी वरचं सगळं पाणी ढवळून गार केलं, उन्हाळ्यात वरची साय तेवढी तापली, आणि खालचं होतं तसं राहिलं. मग हे गार पाणी बुडत का नाही? कारण एवढ्या थंडीत तापमान बदलल्याने पाण्याच्या घनतेत फार फरक पडत नाही. अरबी समुद्रातल्या कोमट पाण्याच्या तुलनेत जेमतेम पाव. घनता ठरवतं मीठ. वर क्षारता ३३.९ च्या आसपास, खाली ३४.५ च्या पुढे. खालचं पाणी उबदार असूनही खारं, म्हणून जड. बी.एस्सी.ला घोकलेलं सूत्र मला त्या आलेखावर पहिल्यांदा कळलं, हे सांगायला हरकत नाही.

हाच थंड थर पुढे ध्रुवीय फ्रंट, म्हणजे दोन प्रकारच्या पाण्यांमधली सीमा, शोधायला कामी आला. जुना आणि अजूनही चालणारा निकष असा: शंभर ते तीनशे मीटरच्या दरम्यान तापमानाचा जो नीचांक असतो, तो उत्तरेकडे जिथपर्यंत दोन अंशांच्या आत राहतो, तिथे ध्रुवीय फ्रंट. त्याच्या दक्षिणेला अंटार्क्टिक पाणी, उत्तरेला उपअंटार्क्टिक. हर्ड फ्रंटच्या दक्षिणेला पडतं, कर्गलेन उत्तरेला. म्हणजे फ्रंट या दोन बेटांच्या मधून जातो.

आता 'मधून' म्हणजे नक्की कुठून, यावरच माझं सगळं प्रोजेक्ट. आमच्या नवापूर स्टेशनावर महाराष्ट्र-गुजरातची हद्द फलाटावरून जाते. बाकड्याचं एक टोक एका राज्यात, दुसरं टोक दुसऱ्यात. माणसं त्यावर बसून फोटो काढतात. फ्रंट असा नसतो. तिथे कोणी रंग मारलेला नाही. दोन अंश हा माणसाने निवडलेला आकडा आहे. कोणी समुद्राच्या पृष्ठाची उंची घेतो, कारण दक्षिणेकडे जाताना ती मीटरभर उतरते आणि जिथे उतार जास्त तिथे फ्रंट. सोकोलोव्ह आणि रिंटूल या समुद्रशास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या उंचीच्या नोंदींवरून दाखवलं की फ्रंट एकच नसून त्याच्या कित्येक शाखा आहेत. कोणी पृष्ठाचं तापमान घेतो, पण उन्हाळ्यात वरचं पाणी तापून सगळं झाकतं आणि ढग तर कायमचेच. प्रत्येक निकषाची रेषा थोडी वेगळी. म्हणूनच जुन्या नकाशांत कर्गलेनजवळचा ध्रुवीय फ्रंट कुठे बेटाच्या उत्तरेला, कुठे पार हर्डच्याही दक्षिणेला काढलेला सापडतो.

माझ्या आर्गोच्या ठिपक्यांतून उत्तर निघेल असं वाटलं होतं. सगळे ठिपके नकाशावर टाकले, तर मधोमध भोक. पठाराच्या चारी बाजूंना ठिपक्यांची गर्दी आणि हर्ड-कर्गलेनच्या मध्ये जवळजवळ काहीच नाही. कारण उघड होतं. भोवतीचा तळ चार किलोमीटरच्या आसपास खोल, पण या दोन बेटांमधलं पठार बरंचसं हजार मीटरहून उथळ, कित्येक ठिकाणी सात-आठशे मीटरच्याही आत. आर्गोला तरंगायलाच हजार मीटर लागतात. प्रवाह जसा पठाराला वळसा घालतो तसे तराफेही घालतात, आणि चुकून एखादा वर आलाच तर तळाला टेकतो.

(पठाराबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगते. हे सगळं लाव्हाचं बनलेलं आहे, आपल्या धुळे-नंदुरबारच्या डाइकांच्या, म्हणजे भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या भिंतींच्या, जातीचाच खडक, पण तप्तबिंदू, म्हणजे खालून लाव्हा वर येण्याची जागा, वेगळा. आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याचं नातं रियुनियन बेटाशी जोडतात. कर्गलेनच्या तप्तबिंदूचं नातं झारखंडच्या राजमहल टेकड्यांशी, आणि ते त्याहून कितीतरी जुनं.)

भोक भरलं ते सीलनी. दक्षिणी हत्ती सील हा प्राणी, नर तीन-चार टनांपर्यंत वाढतो. कर्गलेनवर फ्रेंच शास्त्रज्ञ २००४ पासून त्यांच्या डोक्यावरच्या केसांना अर्धा किलोचं यंत्र चिकटवतात. सील खायला निघतो, बुडी मारतो, वर आला की यंत्र उपग्रहाला तापमान आणि क्षारता कळवतं. वर्षाने कात टाकताना केसांबरोबर यंत्रही गळून पडतं. माद्या बऱ्याचदा खुल्या समुद्रात फ्रंटच्या आसपास जातात, काही नर उथळ पठारावर तळापर्यंत जाऊन शिकार करतात. मला हवे होते ते हेच नर. हा सगळा डेटा २०१५ पासून एका जागी खुला आहे. मी नकाशावर सीलचे ठिपके वेगळ्या रंगात टाकले तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आल्या. भोक बुजलं होतं.

फुकटचं काही नसतं, तसं याचंही आहे. उपग्रहाशी बोलायला सीलला मिळतो तो श्वास घेण्यापुरता वेळ, त्यामुळे अख्खी बुडी पंधरा-वीस आकड्यांत आवळून पाठवली जाते. आर्गोचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागात बरोबर असतं, सीलचं दोन-तीन शतांशांच्या आसपास. सीलची जागाही कधीकधी काही किलोमीटरांनी चुकते. दोन अंशांचा निकष लावायला एवढं पुरतं. पाणी किती जोरात मिसळतंय ते मोजायला पुरत नाही. त्याची रीत अशी की घनतेच्या आलेखात जिथे जड पाणी हलक्याच्या वर सापडतं तिथे उलथापालथ चालू आहे असं धरायचं, आणि ती उलथापालथ किती मीटरची त्यावरून जोर काढायचा. पंधरा आकड्यांत ती दिसणारच कशी? मॅडमनी ते प्रकरण पहिल्याच मसुद्यात लाल पेनाने काढून टाकलं.

फ्रंट मात्र स्पष्ट दिसला. कर्गलेनच्या अगदी दक्षिणेला, बेटाला घासून, तो अरुंद पट्ट्यात जातो, मग पूर्वेच्या उतारावर वळून उत्तरेकडे चढतो आणि पुढे खोल पाण्यात पसरतो. समुद्रशास्त्रज्ञ यंग-ह्यांग पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच आधी दाखवलेलं आहे, माझा काही शोध नाही. माझ्या कोडमधून तेच निघालं याचं समाधान. दक्षिणेला घट्ट आणि पूर्वेला सैल का? कारण ध्रुवाकडच्या समुद्रात थरांमधला घनतेचा फरक कमी, त्यामुळे प्रवाह वरवरचा राहत नाही, तळापर्यंत पोचतो. तळाला लागला की तळाचे चढउतार त्याला वाट दाखवतात. दक्षिणेला दोन उंचवट्यांमधली वाट अरुंद, पाण्याला इकडेतिकडे सरकायला जागाच नाही. पूर्वेला तळ खोल गेला की मोकळीक मिळते आणि भोवरे सुटतात. त्या भागातून अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह सेकंदाला पंधरा कोटी घनमीटरच्या आसपास पाणी नेतो. त्यातला मोठा हिस्सा पठाराच्या उत्तरेने निघून जातो, आणि उरलेल्यातला बराचसा हर्डच्याही दक्षिणेला, ५६ अंशांजवळच्या फॉन ट्रफ नावाच्या खिंडीतून. मधल्या उथळ पठारावर, म्हणजे माझ्या भोकात, पाणी त्यामानाने संथ.

संथ म्हणजे निवांत नव्हे. भरती-ओहोटीचे प्रवाह पठाराच्या कडेवर आदळतात, पाण्याच्या आत लाटा उठतात आणि फुटतात. मी ते मोजू शकत नव्हते, पण खूण तरी दिसते का ते बघायचं ठरलं. त्यासाठी तापमान-क्षारता आलेख: एका अक्षावर क्षारता, दुसऱ्यावर तापमान, खोलीचा पत्ताच नाही. दोन प्रकारचं पाणी मिसळलं तर मधले ठिपके दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर येतात. पठाराबाहेरच्या नोंदींत हिवाळी थंड पाण्यापाशी टोकदार कोपरा होता. पठारावरच्या नोंदींत तोच कोपरा बोथट, थंड पाणी तितकं थंड नाही आणि खालचं उबदार पाणी तितकं उबदार नाही. अहवालात मी याला 'मिक्सिंगशी सुसंगत' एवढंच म्हटलं. पठारावर पाणी मुळात वेगळ्या वाटेने आलं असेल तरीही असा आलेख निघू शकतो.

आजीच्या 'मंग मोजस कसाले?' या प्रश्नाचं उत्तर इथेच होतं. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर, ऊन उन्हाळ्यात भरपूर, तरी वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फार वाढत नाही, कारण पाण्यात लोह नाही. पठाराच्या तळाशी लोह आहे, आणि ढवळणाऱ्या पाण्याबरोबर ते वर येतं. २००५ मध्ये फ्रेंच मोहिमेने कर्गलेनच्या आग्नेयेला हे प्रत्यक्ष मोजलं. पठारावर दर वसंतात प्लवकाचा हिरवा डाग उपग्रहातून दिसतो आणि त्याच्या उत्तरेची कड फ्रंटपाशी तुटते. भारत आणि जर्मनीने २००९ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये जहाजातून लोह टाकून असाच प्रयोग करून पाहिला. तिथे पाण्यात सिलिका कमी असल्यामुळे आणि वाढलेलं प्लवक बारीक जीवांनी खाऊन टाकल्यामुळे डाग फारसा टिकला नाही. इथे निसर्ग दरवर्षी हेच करतो आणि मासे, पेंग्विन, सील सगळे त्याच्यावर जगतात. आजीला मी तो हिरवा डाग दाखवून सांगितलं, रानात खत टाकतो तसं. "आते समजनं," म्हणाली, आणि मग खत कोण टाकतं, यावर आमचं बरंच लांबलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर शांत माणूस. पाऊण तास त्यांनी फक्त फाइलींच्या शेऱ्यांवर विचारलं, आणि मॅडमच्या पहिल्या नियमाची किंमत तेव्हा कळली. मग त्यांनी फ्रंटचा नकाशा समोर ओढला.

"सील कुठे जातो?"

"जिथे खायला मिळतं तिथे, सर."

"आणि खायला कुठे मिळतं?"

"फ्रंटजवळ."

"म्हणजे फ्रंट कुठे आहे हे तू त्यालाच विचारतेस, ज्याला फ्रंटवरच जायचंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सीलच्या नोंदी फ्रंटजवळ जास्त आहेत हे खरं, पण दोन अंश आहेत की नाहीत हे ठरवायला सीलची आवड मध्ये येत नाही. ठिपक्यांची गर्दी मी मोजलेलीच नाही. पट्टा किती रुंद आहे यावर मात्र गर्दीचा परिणाम होऊ शकतो. सर म्हणाले, मग गर्दी काढून दाखव.

दुरुस्तीसाठी वेळ मिळाला. नकाशाचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात दर महिन्याला एकच नोंद ठेवली, मग ती आर्गोची असो की सीलची, आणि सगळं पुन्हा चालवलं. कर्गलेनच्या दक्षिणेचा पट्टा जागचा हलला नाही. पूर्वेचा मात्र आधीपेक्षा बराच पसरला, आणि हिवाळ्यातल्या महिन्यांत हर्डच्या पूर्वेला इतके चौकोन रिकामे राहिले की तिथे पट्टा काढायचंच मी टाळलं. नकाशावर तेवढी जागा पांढरी ठेवली. सरांनी त्याच नकाशावर सही केली.